पुस्तक वावराच्या धुऱ्यापर्यंत पोहोचते का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांनी मला एक प्रश्न विचारला आहे. गेले वर्षभर ते आठवड्यातून दोन तास मुलांकडून गोष्टी, कविता आणि कादंबऱ्यांतील उतारे वाचून घेत आहेत. पालकसभेत एका कास्तकाराने, म्हणजे शेतकऱ्याने, उठून त्यांना विचारले, "गुरुजी, हे कथा वाचून पोरगं चांगलं वागन काय? म्या त लई वाचलेले मानसं पाह्यले, थे काही येगळे वागत नाही." गुरुजींना त्या वेळी उत्तर सुचले नाही. साहित्य वाचल्याने वाचणाऱ्याच्या नैतिक वागण्यावर खरोखर परिणाम होतो का, आणि होत असल्यास तो कसा, असे त्यांचे विचारणे आहे. मी २९ वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले, आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या दारव्हा तालुक्यातील गावाचे छोटे वाचनालय सांभाळते. या दोन्ही कामांत जे पाहिले, त्याच्या आधारे हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

गुरुजी, त्या कास्तकाराचा प्रश्न हलका समजू नका. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये आपल्या आदर्श नगरातून कवींना बाहेर ठेवले, कारण कविता भावनांना पोसते आणि विवेक दुबळा करते, अशी त्याची समजूत होती. साहित्याचा परिणाम होतो याची त्याला इतकी खात्री होती की तो परिणाम त्याला धोक्याचा वाटला. तुमच्या पालकाचे म्हणणे त्याच्या नेमके उलट आहे, परिणाम होतच नाही असे तो म्हणतो, आणि त्याने ते लोकांच्या वागण्याकडे बघून म्हटले आहे. या दोघांनाही डावलून 'वाचाल तर वाचाल' असे फळ्यावर लिहून मोकळे होणे मला कधीच पटले नाही. माझ्या अनुभवाने परिणाम होतो. मात्र तो उपदेशाच्या वाटेने होत नाही, नेहमी चांगलाच असतो असे नाही, आणि एकट्याने मुकाट वाचण्यापेक्षा चार माणसांत वाचून त्यावर बोलण्याने तो कितीतरी अधिक होतो.

उपदेशाची गोष्ट आधी घेते, कारण शाळेत आपण नेमके तिथेच चुकतो. काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाश' या ग्रंथात काव्याची प्रयोजने सांगितली. त्यांत यश, अर्थ, व्यवहारज्ञान, अमंगळाचा नाश आणि तत्काळ लाभणारा आनंद यांच्यानंतर शेवटी 'कान्तासंमित उपदेश' येतो. याचा खुलासा परंपरेने असा केला आहे की वेदांचा उपदेश राजाच्या आज्ञेसारखा असतो, इतिहास-पुराणांचा मित्राच्या सल्ल्यासारखा असतो, आणि काव्याचा उपदेश प्रिय पत्नीच्या बोलण्यासारखा असतो. ती हुकूम करीत नाही आणि वादही घालीत नाही, पण तिला हवे ते आपल्यालाच हवेसे वाटू लागते. नवराबायकोच्या नात्याची ही कल्पना आज कोणाला जुनी वाटेल, तरी त्यातला भेद फार खरा आहे. आपण शाळेत काय करतो? या तिसऱ्या प्रकारच्या उपदेशाला ओढून पहिल्या प्रकारात नेतो. धडा संपतो न संपतो तोच मुलांना तात्पर्य लिहायला सांगतो, आणि ते लिहून झाले की गोष्टीचे काम संपले असे मुलांना वाटते.

माझ्याकडून झालेली एक चूक इथे सांगितली पाहिजे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' मी जवळजवळ प्रत्येक वर्षी वर्गात वाचून दाखवीत असे. अंघोळ झाल्यावर पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला लुगड्याचा पदर पसरायला लावतो, आणि ती पदर पसरून म्हणते की पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनाला घाण लागू नये म्हणूनही जप. या प्रसंगावर मी मुलांना आपले विचार लिहायला सांगितले होते. चाळीस वह्यांपैकी एकोणचाळीस वह्यांत 'मन स्वच्छ ठेवावे' हेच वाक्य होते. एका मुलाने मात्र लिहिले होते की माझी माय पहाटे वेचणीला जाते, तिच्या पदरात कापूस असतो, माझ्या पायाखाली पसरायला तिच्याजवळ पदर रिकामा नसतो, आणि मी तिला कधी विचारले नाही की तुझे पाय दुखतात का. मी त्या उत्तराला विषयांतर म्हणून कमी गुण दिले. पुढे कित्येक वर्षांनी माझ्या लक्षात आले की त्या वर्षी पुस्तकाचा परिणाम झाला असेल तर तो त्या एकाच मुलावर झाला होता, आणि तो ओळखण्याची दृष्टी माझ्याजवळ नव्हती. इतरांनी पुस्तकातले वाक्य माझ्याकडे परत पाठवले होते. या मुलाने पुस्तकातल्या आईच्या आधाराने स्वतःच्या आईकडे पाहिले होते.

साहित्याचे नैतिक काम मला या पाहण्यात दिसते. ते नेमके कसे घडते, हे वाचनालयातील एका वाचनाच्या आधाराने सांगते. उद्धव शेळके यांची 'धग' ही १९६० मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी आपल्या वऱ्हाडातील आहे. तिच्यातील माणसे आपल्यासारखे वऱ्हाडी बोलतात, आणि कौतिक नावाची बाई कर्तृत्व नसलेल्या नवऱ्याला आणि लेकरांना घेऊन संसार उभा ठेवण्यासाठी शेवटपर्यंत झुंजते. एका उन्हाळ्यात, वावरातली कामे आटोपलेली असताना, बचत गटाच्या बायकांना मी ती रोज रात्री थोडी थोडी वाचून दाखवली. पहिल्या दोन रात्री बायका भाषेलाच हसत होत्या, कारण पुस्तकात आपली बोली येते हेच त्यांना ठाऊक नव्हते. तिसऱ्या रात्रीनंतर हसणे थांबले. त्या गटात एक वयस्क बाई होत्या. गावात नवऱ्याने टाकलेली एक बाई राहते, तिच्याविषयी बोलणे निघाले की 'तिचंच काई चुकलं असन' हे त्यांचे ठरलेले वाक्य असे. कादंबरी अर्ध्यावर आली तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "हे कवतिक कोनापाशी रडत नाही, मनून आपल्याले वाट्टे तिले काई होतच नाही." त्या टाकलेल्या बाईचे नाव त्यांनी घेतले नाही, आणि नंतर त्यांच्यात फार मोठा बदल झाला असेही मी म्हणणार नाही. परंतु ते ठरलेले वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाही.

हे का घडले असावे? रोजच्या जगण्यात आपण दुसऱ्याचे वागणे बाहेरून, तुकड्यातुकड्यांनी बघतो आणि लगेच निवाडा देऊन टाकतो. पारावर बसलेल्या माणसांना कोणाच्या घराचा निकाल लावायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. कादंबरीत तसे करता येत नाही. तिथे त्या माणसाच्या घरात आपल्याला तीन-तीन आठवडे राहावे लागते, त्याच्या चुलीत सरपण आहे की नाही हे दिसते, त्याने खोटे बोलण्याच्या आदल्या रात्री काय घडले होते ते कळते, आणि निवाडा पुढे पुढे ढकलला जातो. लांबलेला निवाडा हाच मला साहित्याचा सर्वांत मोठा नैतिक लाभ वाटतो. माणसाला एकदा निवाडा लांबवण्याची सवय लागली, की ती कधीकधी पुस्तकाबाहेरही टिकते. ही सवय म्हणजे सदाचार नव्हे, कारण ज्याला दुसऱ्याचे मन चांगले कळते तो त्याला चांगला फसवूही शकतो. मात्र जिथे सवयच नाही तिथे दुसऱ्याचा विचार सुरूच होत नाही.

परदेशात यावर प्रयोगही झाले आहेत, त्यांचा उल्लेख थोडक्यात करते. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात डेव्हिड किड आणि इमान्युएल कास्टानो यांचा अभ्यास आला. वाङ्मयीन दर्जाच्या कथेचा थोडासा भाग वाचल्यावरही दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची क्षमता वाढलेली दिसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. २०१८ मध्ये अशा १४ अभ्यासांचा एकत्र विचार झाला, आणि कथावाचनाचा परिणाम होतो पण तो लहान असतो असे दिसून आले. मला हा निष्कर्ष खरा वाटतो. एका बैठकीच्या वाचनाने जेवढे घडेल तेवढे लहानच असणार, आणि मोठा दावा करणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

आता त्या कास्तकाराच्या प्रश्नाचा अवघड भाग येतो. लई वाचलेली माणसे वेगळी का वागत नाहीत? दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातही हाच प्रश्न फार तीव्रतेने विचारला गेला. जॉर्ज स्टायनर या समीक्षकाने लिहून ठेवले आहे की संध्याकाळी गटे आणि रिल्के हे जर्मन कवी वाचणारा माणूस सकाळी आउशवित्झच्या छळछावणीत आपल्या कामावर जाऊ शकत होता. इतक्या दूर जाण्याची आपल्याला गरज नाही. आमच्या भागातील एका गृहस्थांच्या घरी दोन कपाटे भरून पुस्तके आहेत. दलित कवींच्या कविता ते भर सभेत पाठ म्हणतात आणि म्हणताना त्यांचा कंठ दाटून येतो, ते दाटणे खोटे नाही. मी एकदा त्यांच्या घरी बसले असताना त्यांच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याला, चहा दिला गेला, तो गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपात. मी तो कप पाहिला आणि काही न बोलता स्वतःचा चहा पिऊन उठले. म्हणजे कविता त्यांच्याइतकीच मलाही पाठ होती आणि त्या दिवशी ती आम्हां दोघांच्याही उपयोगी पडली नाही.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण असे दिसते की वाचताना डोळे ओले झाले की आपल्या वाट्याचे कर्तव्य झाले असे मनाला वाटू लागते. दुसरे असे की पुस्तकातला दुःखी माणूस आपल्याकडे सालाची मजुरी वाढवून मागत नाही, आपल्या भांड्यात जेवत नाही, आपल्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून त्याचे वावर नसते. त्याच्यावर दया करायला काही खर्च येत नाही. खर्च येतो तिथे धुऱ्यावरून हातभर जमीन सोडायची असते किंवा कोनाड्यातला कप घरात आणायचा असतो, आणि तिथपर्यंत पुस्तक आपल्या पायांनी जात नाही. ते कोणीतरी न्यावे लागते. ते गृहस्थ कविता नेहमी सभेत म्हणत. घरातल्या कोणी त्यांच्यासमोर ती म्हणून त्यांना विचारले असते, 'बाबा, मग आपला कप?', तर काय झाले असते हे मला सांगता येत नाही, पण विचारणारा कोणी नव्हता हे मात्र मला पक्के ठाऊक आहे.

म्हणूनच एकट्याच्या वाचनापेक्षा चौघांतल्या वाचनावर माझा भर आहे. आपल्याकडची परंपरा बव्हंशी ऐकण्याची आहे, आणि तिच्यात हे शहाणपण मुरलेले आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे असताना झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी लोकगीते, म्हटल्या जातात. त्या झडतीत सावकाराची, पुढाऱ्याची, भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याची नावे न घेता जी झाडाझडती होते, ती एरवी कोणी तोंडावर करणार नाही. झडती म्हणणारा एक असतो, पण शेवटी 'हर बोला हर हर महादेव' सगळे गाव म्हणते, आणि त्या क्षणी सगळे गाव साक्षीदार झालेले असते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपासपर्यंत चालतात, आणि माणसे थंडीत रात्रभर मांडवात बसून ती बघतात. देसाईगंज-वडसा हे या रंगभूमीचे मोठे केंद्र आहे. माझे नातेवाईक त्या बाजूला असल्याने मी ही नाटके पाहिली आहेत. हुंड्यापायी छळलेल्या सुनेचा प्रवेश आला की पुरुषही डोळे पुसतात. त्याच मांडवात रडलेल्या एका घरात पुढच्या लग्नसराईत हुंड्याची बोलणी झाली, हेही मी पाहिले आहे. पण त्या बोलण्यांच्या वेळी घरातील एक म्हातारी म्हणाली, "त्या नाटकातल्या सासूवानी करू नका." बोलणी थांबली नाहीत, आकडा मात्र खाली आला. सगळ्यांनी मिळून पाहिलेले नाटक नसते, तर त्या म्हातारीजवळ ते वाक्य नसते. दुबळ्या माणसाला बलवानाचे वागणे नाव न घेता दाखवून देता येईल असे शब्द गावात असणे, हा परिणाम कोणत्याही एका वाचकाच्या मनात मोजता येणार नाही, कारण तो मनांच्या मध्ये असतो.

गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती, तरी या वाटेवर त्यांच्याइतके दूर कोणी गेले नसेल. गावात आल्यावर ते आधी खराट्याने रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात ते सांगत कमी आणि विचारत अधिक, आणि उत्तर समोरच्या माणसांकडूनच काढून घेत. स्वतःच्या तोंडाने सर्वांसमोर दिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी मोडणे माणसाला जड जाते.

साहित्याने वाईट परिणामही होऊ शकतो, हे आपल्या जिल्ह्यात शिकवणाऱ्याने विसरून चालणार नाही. १७७४ मध्ये गटेची तरुण वेर्थरविषयीची कादंबरी आली. तिचा नायक शेवटी आत्महत्या करतो. युरोपातील तरुण त्याच्यासारखा निळा कोट आणि पिवळी बंडी घालू लागले, आणि त्याचे अनुकरण मरणापर्यंत जाईल या भीतीने १७७५ मध्ये लाइपझिग शहराने तिच्यावर बंदी घातली. आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात असे अमेरिकेतील डेव्हिड फिलिप्स यांना १९७४ मध्ये आढळले, तेव्हा त्यांनी या परिणामाला वेर्थरचेच नाव दिले. आता आपल्या शाळांतील नाट्यस्पर्धा आठवा. एका स्पर्धेत मी परीक्षक होते आणि सात एकांकिकांपैकी पाचांचा शेवट कास्तकाराच्या आत्महत्येने झाला. दुःखद संगीत, मंद प्रकाश, मागून ऐकवले जाणारे भाषण आणि टाळ्या, असा सगळा थाट होता. लिहिणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, त्यांना अन्याय दाखवायचा होता. पण समोर बसलेल्या मुलांत असे लेकरू असण्याची शक्यता होती की ज्याच्या घरी हे खरोखर घडले आहे, आणि रंगमंचावर त्याला दिसत होते ते असे, की बाप जिवंत असताना कोणी विचारत नव्हते, तो गेल्यावर मात्र सारे गाव उभे राहिले. मरणाने माणसाला मोल येते, ही शिकवण आम्ही नकळत देत होतो.

त्यानंतर मी माझ्या विद्यार्थ्यांना अशी एकांकिका लिहू दिली, पण एक अट घातली. गोष्ट मरणापाशी थांबवायची नाही, आणि तिथपर्यंत गेलेला माणूस कोणाच्या तरी बोलण्याने परत फिरतो ते लिहून बघायचे. मुलांना हे फार कठीण गेले, कारण परत फिरलेल्या माणसाचे पुढचे जगणे लिहायचे तर पीककर्ज, सावकाराचे व्याज, दुसरी पेरणी, लाजेने चार दिवस घराबाहेर न पडणे, हे सगळे माहीत असावे लागते. ती माहिती मुलांनी आपापल्या घरी विचारून आणली, आणि काही घरांत बापाशी असे बोलणे पहिल्यांदाच झाले. संकटातून सावरलेल्या माणसांच्या कहाण्या छापून आल्यावर आत्महत्या कमी होण्याकडे कल दिसतो, असे व्हिएन्नातील संशोधकांनी २०१० मध्ये ऑस्ट्रियाच्या वृत्तपत्रांच्या अभ्यासातून मांडले होते. ते मला बरेच नंतर कळले. तुम्हीही असा विषय घेतलात, तर त्या दिवशी टेली-मानस या शासकीय मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा आणि तास संपल्यावर लगेच वर्गाबाहेर पडू नका.

परिणाम दिसायला लागणारा काळ ही आणखी एक बाब आहे. तुमचा पालक वर्षभरात फळ मागतो आहे, आणि कास्तकाराने हंगामाचा हिशेब मागणे साहजिकच आहे. पण पुस्तकाचा हंगाम ठरलेला नसतो. बाबासाहेब आंबेडकर शाळेत असताना परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल भरलेल्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या पुस्तकाने आपण फार प्रभावित झालो, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. नागपूरची धम्मदीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे मध्ये सुमारे अर्धशतक गेले. या काळात त्यांनी सोसले, शिकले, झगडले, हजारो पुस्तके तपासली, तेव्हा हे एकट्या पुस्तकाचे फळ म्हणणे चुकीचे होईल, आणि त्या भेटीला काहीच मोल नव्हते असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल.

याच्या उलट दिसणारे उदाहरण गांधीजींचे आहे. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डरबनला जाताना आगगाडीत त्यांनी इंग्रज लेखक रस्किनचे 'अन टू धिस लास्ट' वाचले, रात्रभर त्यांना झोप आली नाही, आणि लवकरच फिनिक्सची वसाहत उभी राहिली. तिथून पुढे आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामपर्यंतचा रस्ता दिसतो. हे एका रात्रीचे परिवर्तन म्हणून सांगितले जाते. परंतु गांधीजींनी आत्मकथेत असेही म्हटले आहे की जे आपल्या अंतरात खोल दडलेले होते त्याचेच प्रतिबिंब त्या पुस्तकात दिसले. जमिनीला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, असेल तर बी चार दिवसांत वर येते, एवढाच त्याचा अर्थ. वाफसा पुस्तक आणत नाही. तो जगण्यातून, घरातून, शाळेतल्या वागणुकीतून येतो. वर्गात मुलांना अपमानास्पद बोलणारा शिक्षक करुण कथा कितीही सुंदर वाचत असला, तरी ते बी कोरड्यात पडते.

शेवटी एक अपेक्षा तुमच्याविषयी. मुलांना पुस्तकाशी भांडू द्या. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिले. त्याला निमित्त झाले ते सुरतेकडील एका तरुण विधवेला झालेल्या शिक्षेवरून वृत्तपत्रांत चाललेल्या लिखाणाचे. पण ताराबाईंनी तेवढ्यावर न थांबता त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतून स्त्रिया जशा रंगवल्या जात त्यावरही कडाडून टीका केली. त्या कथा वाचून त्या सुशील झाल्या नाहीत, त्या संतापल्या, आणि त्या संतापातून मराठीतील एक फार मोठे नैतिक लेखन जन्माला आले. त्यांच्यावर त्या काळी टीका झाली, जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि नंतर ते पुस्तक विस्मरणात गेले ते १९७५ मध्ये पुन्हा छापले जाईपर्यंत. पुस्तक मुकाट मान्य करणाऱ्या मुलापेक्षा 'ही गोष्ट अन्यायाची आहे, हिच्यातल्या मुलीला कोणी विचारलेच नाही' असे म्हणणारी मुलगी मला अधिक आशादायक वाटते.

तेव्हा त्या दोन तासांत तात्पर्य विचारू नका. गोष्टीतले कोणते माणूस तुम्हांला आवडले नाही आणि त्याला तसे का वागावे लागले असेल, हे विचारा. गोष्टीत कोण बोललेच नाही, हे विचारा. असे माणूस आपल्या गावात आहे का, हे विचारा, पण नाव घेऊ देऊ नका, कारण खेड्यात नाव घेतले की गोष्ट संपते आणि भांडण सुरू होते. मुलाचे उत्तर तुमच्या अपेक्षेबाहेरचे आले तर गुण देण्याआधी ते दोनदा वाचा. महिन्यातून एकदा पालकांनाही बोलवा आणि ज्याने प्रश्न विचारला त्या कास्तकाराला आवर्जून निरोप द्या. त्याला सांगा की वाचून पोरगे चांगले वागेलच अशी हमी मास्तरांजवळ नाही, पण ऐकायला या आणि शेवटी तुमचा प्रश्न सर्वांसमोर पुन्हा विचारा. 'धग'पासून सुरुवात करा, एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा जास्त वाचू नका, आणि कापसाची वेचणी चालू असेपर्यंत बैठक रात्री साडेआठच्या आधी ठेवू नका. दिवसभर वाकून वेचलेल्या बायकांना भाकरी थापून, जेवून यायला तेवढा वेळ लागतो.